आयझॅक हेज: 'शाफ्ट' आणि शेफच्या पलीकडे काय ऐकावं, काय बघावं?

सारंगनाद:
'शाफ्ट' चित्रपटाची धून पाठ आहे आणि 'साउथ पार्क' या कार्टून मालिकेतल्या शेफ या पात्राचा आवाजही अमेरिकी सोल गायक-संगीतकार हेजचाच, एवढं माहीत आहे. आता नीट ऐकायला बसायचं ठरवलंय, पण एका संग्रहात 'वॉक ऑन बाय' साडेचार मिनिटांचं आहे आणि दुसरीकडे बारा मिनिटांचं. मूळ कुठलं? अल्बम कुठल्या क्रमाने घ्यावेत? टीव्हीवर शेफखेरीज काय काय केलं त्याने?

खर्ज:
बारा मिनिटांचं तेच मूळ. 'हॉट बटर्ड सोल' (१९६९) या अल्बमसाठी ते एवढं लांबच वाजवलेलं आहे. साडेचार मिनिटांचं रेडिओसाठी कापलेलं, सिंगल म्हणजे छोट्या तबकडीवर निघालेलं. त्याच सिंगलच्या दुसऱ्या बाजूला 'बाय द टाइम आय गेट टू फीनिक्स' होतं, तेही अठरा मिनिटांवरून सातच्या आसपास आणलेलं. 'बेस्ट ऑफ' छापाच्या संग्रहांत बहुतेकदा हीच कापलेली रूपं भरलेली असतात, आणि हेजचं गाणं कापलं की नेमका गाभाच जातो. तेव्हा आधी लांबी बघा: 'वॉक ऑन बाय' १२ मिनिटं, 'फीनिक्स' साडेअठराच्या पुढे. कमी दिसलं तर तो संग्रह बाजूला ठेवा.

'फीनिक्स' एकदा तरी हेडफोन लावून, मध्ये न उठता ऐका. ऑर्गनवर एकच कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) धरून ठेवलेली, बेसचा तोच स्वर पुन्हा पुन्हा, सिंबलवर हलका ठोका. बस्स. त्यावर हेज आठ मिनिटांहून जास्त वेळ नुसता बोलतो. टेनेसीतून लॉस एंजेलिसला आलेला तरुण, बायकोवर जीव टाकणारा, तिने केलेला विश्वासघात, त्याचं घर सोडणं आणि परत परत तिच्याकडेच येणं. जिमी वेबने लिहिलेली पहिली ओळ येते तेव्हा कुठे कॉर्ड हलते, आणि तोवर हा माणूस घर सोडून का निघालाय ते आपल्याला पुरतं कळलेलं असतं. मेम्फिसच्या टिकी क्लबमध्ये लोक गप्पांत रमलेले असत, त्यांना गप्प करण्यासाठी त्याने हे बोलणं सुरू केलं. माझ्या मते हेजचा सगळा पुढचा प्रवास, टीव्हीवरचाही, या बोलण्यातून निघालेला आहे.

एवढी मोकळीक त्याला मिळाली त्यालाही कारण आहे. डिसेंबर १९६७मध्ये विमान अपघातात हेजच्या स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीचा गायक ओटिस रेडिंग आणि तिथल्याच बार-केज बँडमधले चौघे गेले. १९६८मध्ये स्टॅक्स अटलांटिक या मोठ्या रेकॉर्ड कंपनीपासून वेगळी झाली आणि जुन्या ध्वनिमुद्रणांचे हक्क गमावून बसली. हातात विकायला काही नाही, म्हणून स्टॅक्सच्या अल बेलने एकदम २७ अल्बम काढायचं ठरवलं. त्या धांदलीत हेजच्या चार लांबलचक गाण्यांना कोणी कात्री लावली नाही. साथीला पुन्हा उभे राहिलेले बार-केजच होते.

चरा_३३:
तबकडीवर ऐकणार असाल तर एक सांगून ठेवतो. 'हॉट बटर्ड सोल'ची दुसरी बाजू जवळजवळ २४ मिनिटांची आहे: 'वन वुमन' पाच मिनिटांचं आणि मग 'फीनिक्स'. बाजू एवढी लांब झाली की चरे एकमेकांच्या अगदी जवळ कोरावे लागतात, म्हणून आवाजाची पातळी खाली ठेवतात. परिणाम असा की निवेदनाच्या शांत भागात जुन्या प्रतीची खरखर जास्त जाणवते. त्यात 'फीनिक्स'चा शेवट, जिथे व्हायोलिनं आणि ब्रास पूर्ण भरात येतात, तो नेमका लेबलजवळ येतो. तिथे एका फेऱ्यात चऱ्याची लांबी कमी मिळते, म्हणून वरचे सूर फाटतात. जुनी प्रत घेताना पहिलं गाणं लावून बघू नका, दुसऱ्या बाजूची शेवटची पाच मिनिटं लावा. गोल टोकाच्या सुईपेक्षा लंबवर्तुळाकार टोकाची सुई तिथे बरीच बरी वाजते, अर्थात सुई धरणाऱ्या कार्ट्रिजचा कोन नीट बसवलेला असेल तर.

'ब्लॅक मोझेस' (१९७१) दोन तबकड्यांचा. त्याचं वेष्टन उलगडलं की क्रूस होतो. घड्या फाटलेल्या नाहीत ना, ते पूर्ण उलगडूनच बघायचं.

सारंगनाद:
आभार, हे फार कामाचं आहे. 'शाफ्ट'चं चित्रपटातलं संगीत आणि अल्बम एकच का?

खर्ज:
नाही. चित्रपटासाठीचं हॉलिवूडमध्ये मुद्रित झालं, अल्बमसाठी मेम्फिसला परतून पुन्हा वाजवलं. स्वतंत्र अल्बम म्हणून ऐकायचं तर मेम्फिसचंच घ्या, वादकांना श्वास घ्यायला जागा आहे. दोन तबकड्यांच्या त्या अल्बममध्ये गायलेली गाणी तीनच: शीर्षकगीत, 'सोल्सव्हिल' आणि एकोणीस मिनिटांचं 'डू युअर थिंग'. शीर्षकगीतात शब्द सुरू व्हायला अडीच मिनिटांहून जास्त वेळ लागतो. तोवर विली हॉलची हाय-हॅट (ड्रमवरच्या झांजांची जोडी) आणि चार्ल्स पिट्सची वा-वा गिटार (पायाच्या पेडलने आवाज 'वा-वा' असा करणारी). पिट्स तारा दाबून जवळजवळ एकाच स्वरावर खेळतो, बोलतं ते पेडल. नोव्हेंबर १९७१मध्ये हे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि १९७२मध्ये सर्वोत्कृष्ट गीताचं ऑस्कर मिळालं. या विभागात ते मिळवणारा हेज पहिला कृष्णवर्णीय.

रात्रपाळी:
टीव्हीचं मी सांगते. १९७२मध्ये एबीसी वाहिनीच्या 'द मेन' मालिकेची धून त्याची, सिंगल म्हणूनही निघाली होती. शाफ्टची छाया आहे तिच्यावर, पण ऐकण्यासारखी आहे.

अभिनय बघायचा तर 'द रॉकफर्ड फाइल्स', रॉकफर्ड या खासगी गुप्तहेराची मालिका. गँडॉल्फ फिच नावाचा तुरुंगातून सुटलेला गडी, जो रॉकफर्डला हट्टाने 'रॉकफिश' म्हणतो. तीनच भाग आहेत. 'द हॅमर ऑफ सी ब्लॉक'पासून सुरू करा, त्यात तो सर्वांत गंभीर आहे: न केलेल्या खुनासाठी वीस वर्षं काढून आलेला. 'सेकंड चान्स' या भागात सोबत डिऑन वॉरविक आहे. 'वॉक ऑन बाय' १९६४मध्ये पहिल्यांदा गाजवलं ते तिनेच, आणि १९७९मध्ये तिने गायलेल्या 'देजा व्हू'ची चाल हेजची. हा भाग त्या नात्यासाठीही बघावा.

'साउथ पार्क' ऑगस्ट १९९७पासून. शेफ मुलांना सल्ला देता देता मध्येच प्रेमगीतात शिरतो, ते खर्जातलं बोलणं थेट 'फीनिक्स'मधलं आहे. विनोद टिकतो कारण हेज ते पूर्ण मनापासून, गाण्यासारखं गातो. त्यातलं 'चॉकलेट सॉल्टी बॉल्स' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. मार्च २००६मध्ये तो मालिकेतून बाहेर पडल्याचं जाहीर झालं. हेज ज्या पंथाचा अनुयायी होता त्या सायंटॉलॉजीवरचा भाग हे कारण मानलं गेलं. पण जानेवारीत त्याला पक्षाघाताचा झटका आला होता, आणि राजीनामा त्याच्या वतीने दुसऱ्यांनीच दिला असं त्याच्या मुलाने पुढे सांगितलं. 'द रिटर्न ऑफ शेफ' हा भाग जुन्या मुद्रणांतले तुकडे जोडून केलाय. वाक्यं मध्येच तुटल्यासारखी लागतात ती त्यामुळे. शेफची ओळख त्या भागाने करून घेऊ नका.

मॅकलेमोर:
क्रमाबद्दल माझं थोडं वेगळं मत. १९६९पासून सुरुवात केली तर गीतकार-संगीतकार हेज सुटतो. स्टॅक्सचा ऑर्गनवादक बुकर टी. जोन्स कॉलेजसाठी इंडियानाला असायचा, त्याच्या जागी पियानो-ऑर्गन वाजवायला हेज स्टॅक्समध्ये आला. मग गीतकार डेव्हिड पोर्टरबरोबर जोडी जमली. सॅम अँड डेव्ह या गायकद्वयाचं 'होल्ड ऑन, आय'म कमिन' (१९६६) आणि 'सोल मॅन' (१९६७), कार्ला थॉमसचं 'बी-ए-बी-वाय', सगळी याच जोडीची. तीनेक मिनिटांच्या आत बसवलेली गाणी, एक मात्रा फुकट नाही. ही आधी ऐका, म्हणजे पुढे तो बारा मिनिटं घेतो ती कशासाठी, ते कळेल.

आणि १९६६चं ओटिस रेडिंगचं 'ट्राय अ लिटल टेंडरनेस' यादीत घाला. त्याच्या बांधणीत हेजचा हात होता. ड्रमर अल जॅक्सनने मध्यावर धरलेली ती ठोक्याची लय ऐका आणि लगेच 'शाफ्ट'ची पहिली वीस सेकंदं लावा. विली हॉलच्या हाय-हॅटचं मूळ तिथे आहे.