थिसॉरस आणि शब्दकोश यांत फरक काय?

प्रश्न : थिसॉरस हा शब्दकोशाचाच प्रकार आहे का, आणि हा शब्द आला कुठून?

उत्तर १ : मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ खजिना, तो लॅटिनमार्गे इंग्रजीत आला. शब्दकोशात आपण शब्दावरून अर्थाकडे जातो, थिसॉरसमध्ये मात्र मनातल्या अर्थावरून शब्दाकडे यायचे असते. म्हणूनच पीटर मार्क रॉजे या डॉक्टरांनी १८५२ साली प्रसिद्ध केलेल्या कोशात शब्द वर्णानुक्रमाने न लावता आशयानुसार सहा वर्गांत लावले.

उत्तर २ : अमरकोश हा जुना संस्कृत कोश हेच काम पद्यात करतो, उदाहरणार्थ पाण्याचे समानार्थी शब्द : ‘वार्वारि सलिलं कमलं जलम्’. (इथे कमल म्हणजेही पाणीच बरे का!)

प्रश्नकर्ता : मग ‘पाणी’ऐवजी ‘सलिल’ लिहिले तर चालेल?

उत्तर १ : कवितेत चालेल, नळाला मात्र पाणीच येते.