‘आलं नवीन खूळ!’ : कामातल्या सुधारणांचे अनुभव

मंडळी, फाइव्ह एस, कैझेन, लीन, सिक्स सिग्मा... काम सुधारायच्या पद्धतीचं नाव काहीही असो, खात्यातली पहिली प्रतिक्रिया ठरलेली: ‘चार महिन्यांचं खूळ आहे, जाईल.’ तुमच्याकडे ते टिकलं का? कशामुळे? फसलं असेल तर ते आधी लिहा. जमलेल्याचे फोटो नोटीस बोर्डावर लागतातच. सुरुवात माझ्यापासून.

भोसरी, प्रेस शॉप

डाय (पत्र्याला आकार देणारा प्रेसमधला साचा) बदलायला अडीच तास जायचे. जपानी इंजिनीअर शिगेओ शिंगोंची पद्धत नुकतीच शिकून आलो होतो. डाय दहा मिनिटांच्या आत बदलायची, मशीन चालू असताना होणारी तयारी आधीच उरकायची. पहिल्याच दिवशी स्टॉपवॉच घेऊन उभा राहिलो. डाय बसवणाऱ्या सेटर मामांनी पाना खाली ठेवला आणि चहाला गेले. जाता जाता म्हणाले, ‘घड्याळ आलं की माणसं कमी होतात. मागच्या वेळी दोन गेली.’ खोटं नव्हतं ते.

दुसऱ्या दिवशी घड्याळ टेबलात टाकलं आणि नुसता मामांच्या मागे हिंडलो. डाय आवळून धरणारा क्लॅम्प दुसऱ्या प्रेसवर. तीस नंबरचा पाना कुणाच्या तरी पेटीत, पेटीला कुलूप, कुलूपवाला दुसऱ्या पाळीला. प्रत्येक डायची क्लॅम्पिंगची उंची वेगळी, म्हणून दर वेळी पॅकिंगचे तुकडे हुडकायचे. मामा म्हणाले, ‘सगळ्या डायची उंची एक करा. पंधरा वर्षं सांगतोय.’ शिंगोंनी नेमकं हेच सांगितलंय!

युनियनने ‘कुणाला कमी करणार नाही’ हे लेखी मागितलं, मिळालंही. त्यानंतर काम हललं. आता चाळीस मिनिटं लागतात. दहाच्या आत कधीच आलो नाही. ओव्हरटाइम बुडाला ही तक्रार मात्र राहिली, आणि तिला माझ्याकडे उत्तर नाही. बोर्डावर प्रत्येक पान्याची आकृती रंगवली आहे. जागा रिकामी दिसली की सगळ्यात मोठ्याने मामाच ओरडतात.

चाकण, नाव नको

आमच्याकडे माणशी महिन्याला दोन कैझेनची, म्हणजे छोट्या सुधारणांची सक्ती. जूनमध्ये मी कचऱ्याचा डबा डावीकडून उजवीकडे नेला, जुलैत उजवीकडून डावीकडे. दोन्हींना बक्षीस मिळालं. स्टीलचा डबा.

अव्वल कारकून, तहसील

आमच्याकडे टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत लावायचे ठरलं. चालू, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं (ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणपत्रं), स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचं आणि ‘ड’ म्हणजे नाश करायचं. जुने भाऊसाहेब हसले, ‘लखिना पॅटर्नसुद्धा पाहिलाय आम्ही. साहेब बदलले की धूळ परत.’ (१९८०च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची मांडणी बदलली, त्यावरून पडलेलं हे नाव.)

पाच गठ्ठे लागले, ‘ड’ला कुणी हात लावेना. त्याला आळस म्हणू नका, ती भीती होती. उद्या माहिती अधिकारात कुणी तोच कागद मागितला तर? साहेबांनी बसून यादी तपासली, खाली स्वतः सही केली. त्या संध्याकाळी दोन कपाटं मोकळी झाली. आता वारसनोंदीसाठी आलेल्या म्हातारीला ‘पुढच्या सोमवारी या’ म्हणावं लागत नाही. भाऊसाहेब अजून म्हणतात, ‘बघू, पुढचे साहेब येऊ द्या.’

ओटी (ऑपरेशन थिएटर) सिस्टर

शस्त्रक्रियेच्या वेळी तपासायची एकोणीस मुद्द्यांची यादी, जागतिक आरोग्य संघटनेची, २००८ची. आमचे सर्जन वैतागायचे, ‘मी काय विमान उडवतोय?’ यादी आम्ही आधीच टिक करून ठेवायचो, खोटं कशाला बोलू! एका सकाळी नव्या मुलीने मात्र मोठ्याने विचारलं, ‘सर, अँटिबायोटिक?’ दिलेलं नव्हतं. भूलतज्ज्ञ माझ्याकडे बघतायत, मी ट्रेकडे. सर काही बोलले नाहीत, हात वर धरून थांबले. गेल्या आठवड्यात मी घाईत होते, तर तेच म्हणाले, ‘सिस्टर, तुमचा पाढा राहिला.’