मदत हवी आहे: सेन्सर रोज डाऊनीचा (द्राक्षावरच्या केवडा रोगाचा) लाल इशारा देतोय, बागेत डाग एकही नाही

दिंडोरीकर

नमस्कार मंडळी,

दिंडोरी तालुक्यात आमची तीन एकर द्राक्षबाग आहे. थॉम्पसन जात, डॉगरिज खुंटावर कलम, वाय आकाराचा मांडव. मी नोकरीला पुण्यात, बाग वडील बघतात. नोव्हेंबर २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात नाशिक पट्ट्यात जो अवकाळी आणि गारा झाल्या, त्यानंतर माझ्या डोक्यात बसलं की बागेत स्वतःचं हवामान केंद्र हवं. यंदा खरड छाटणीनंतर (उन्हाळ्यातल्या छाटणीनंतर) ते बसवून घेतलं. पाऊस, तापमान, आर्द्रता, पानाचा ओलावा मोजणारी पट्टी आणि जमिनीत ३० व ६० सेंमीवर ओलाव्याचे सेन्सर. सगळं सिमकार्डवरून ॲपवर येतं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही.

फळछाटणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात झाली. बाग आता दोड्यात (फुलोऱ्याआधीच्या कळ्यांच्या अवस्थेत) आहे, काही वेलींवर फुलोराही दिसतोय. दोड्यात डाऊनी शिरला की घड गेला, हे इथल्या लोकांना सांगायला नको. नेमक्या याच वेळी ॲप रोज सकाळी लाल: ‘डाऊनी, तीव्र धोका’. आलेख उघडला तर पान दुपारी बारापर्यंत ओलं! वडील सकाळी पानं उलटी करून बघतात. दव असतं, पण नऊच्या आत सगळं कोरडं. तेलकट डाग शोधून सापडत नाही. पाऊसही नाही.

सुरुवातीला ॲप म्हणेल तशी फवारणी केली. औषध, डिझेल, मजुरी हे एक झालंच, वर रेसिड्यूची (फळात औषधाचा अंश राहण्याची) धास्ती वेगळी. माल युरोपला द्यायचा विचार आहे, प्लॉट ग्रेपनेटवर (निर्यातीच्या बागांच्या सरकारी नोंदणीत) नोंदवलेला आहे. आता वडील ॲप उघडतच नाहीत. म्हणतात, "याला रोजच ताप आलेला असतो."

दुसरी गंमत जमिनीतली. जमीन काळी, भारी. ६० सेंमीचा सेन्सर सांगतो कोरडं, पाणी सोडा. वडिलांनी ड्रीपरजवळ कुदळ मारून पाहिलं तर मातीचा सरळ लाडू वळतोय.

हा सेन्सरचा दोष की बसवण्याचा? आणि पुढच्या महिन्यात वर्गणी संपतेय, ती भरावी का? जाणकारांनी कृपया सांगा.

---

तासगावचा_बागवाला

दादा, आधी एक सांगा. ती पानाची पट्टी नेमकी कुठे लावलीय? खांबावर उघड्यात की मांडवाखाली?

---

दिंडोरीकर

बांधाच्या कडेला, पाण्याच्या टाकीजवळ खांब आहे. त्याच खांबावर, उघड्यात. बसवणारा म्हणाला तिथे सोलरला ऊन चांगलं मिळतं.

---

तासगावचा_बागवाला

मग निम्मं उत्तर तिथेच आहे. त्याने सोलरची सोय बघितली, वेलीची नाही. उघड्या आकाशाखाली पट्टी रात्री लवकर थंड होते, दव लवकर आणि जास्त धरते. मांडवाच्या आत पानांचं छत असतं, तिथला हिशेब वेगळा. खांब राहू द्या जागेवर, फक्त पट्टीची वायर वाढवून ती मांडवात घडांच्या उंचीला आणा. साधारण ४५ अंशांत तिरकी, तोंड उत्तरेला, म्हणजे थेट ऊन लागत नाही. वेल बांधावरची नको, मधल्या ओळीतली घ्या.

पण दुपारी बारापर्यंत ओलं हे नुसत्या दवाने होत नाही. पट्टीवर औषधाचा थर बसलाय का बघा. ब्लोअरची फवारणी बांधापर्यंत जातेच. ताम्रयुक्त औषध किंवा गंधकाचा थर चढला की तो हवेतला दमटपणा धरून ठेवतो आणि पट्टी कोरडी असूनही ओली सांगते. वडिलांना सांगा, साध्या पाण्याने मऊ फडकं ओलं करून हलक्या हाताने पुसा, घासू नका. मग भर दुपारी ॲपवर आकडा बघा. शून्याला यायला हवा. नंतर बाटलीने पाण्याचा फवारा मारा, लगेच चढला पाहिजे. दोन्ही झालं तर सेन्सर ठीक आहे.

---

आर्द्रता९५

वरच्या उत्तराला जोडून थोडं. ॲपमधला लाल रंग म्हणजे ‘रोगाला हवामान पोषक’ एवढंच. रोग आला असं नव्हे. डाऊनीच्या बुरशीला पानाखाली बीजाणू तयार करायला अंधार आणि खूप दमट हवा लागते, ९५ टक्क्यांच्या वरची. मग ते बीजाणू रुजायला पानावर मोकळं पाणी लागतं. पण मुळात बागेत कुठेतरी डाग हवा किंवा पाऊस तरी व्हायला हवा. युरोपात पहिल्या लागणीचा एक जुना ठोकताळा आहे: तापमान १० अंशांच्या वर, फूट १० सेंमीची आणि १० मिमी पाऊस. आपल्याकडे ऑक्टोबरात पहिल्या दोन अटी आपसूक पूर्ण असतात, उरतो पाऊस. तुमच्या ॲपला बागेत डाग आहे की नाही हे भरायची सोय आहे का ते बघा. नसेल तर ते फक्त ओले तास मोजतंय आणि घाबरवतंय.

संशयास्पद पान दिसलं तर साधी परीक्षा आहे. पान तोडून ओल्या टिश्यूबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा, रात्रभर अंधारात ठेवा. सकाळी डागाच्या खालच्या बाजूला पांढरी लव आली तर डाऊनी. तसं झालं तर मग ॲपचीही वाट बघू नका.

आणि वडिलांना एक गोष्ट जरूर सांगा. पान कोरडं म्हणून भुरीबद्दल (द्राक्षावरच्या दुसऱ्या बुरशीरोगाबद्दल) निर्धास्त राहू नका. भुरीला पान ओलं लागत नाही. २१ ते ३० अंशांत सलग सहा तास मिळाले की तिचा जोर वाढतो, ढगाळ असेल तर बघायलाच नको. डाऊनीच्या लाल इशाऱ्यांना कंटाळून ॲप बंद केलंत तर हाही आलेख जाईल, आणि तुमच्या भागात पुढचे महिने खरा उपयोग त्याचाच आहे.

---

मातीत_हात

जमिनीबद्दल मी बोलतो. काळी माती सुकताना आकसते आणि सेन्सर शेजारी फट पडते. मग तो माती मोजतच नाही, फटीतली हवा मोजतो. ६० सेंमीवाला काढा, त्याच भोकातली माती पाण्यात कालवून चिखल करा, तो चिखल ओतून सेन्सर परत दाबून बसवा. ड्रीपरपासून फूटभर अंतरावर. अगदी ड्रीपरखाली लावला तर कायम ओलं, दोन ओळींच्या मध्ये लावला तर कायम कोरडं.

शिवाय ॲपवरचे टक्के बहुधा मध्यम पोताच्या मातीवर ठरवलेले असतात. भारी जमिनीत ते जसेच्या तसे धरू नका. एकदा भरपूर पाणी द्या, दीड-दोन दिवसांनी जो आकडा स्थिर होईल तो तुमच्या जमिनीचा ‘भरलेला’ आकडा. त्यावरून रोज किती उतरतोय ते बघा. खात्री करायला शेजारी एक टेन्शिओमीटर खुपसा. पाण्याने भरलेली नळी, खाली सच्छिद्र टोक, वर मातीची पाण्याची ओढ दाखवणारं घड्याळ. सिमकार्ड नाही, वर्गणी नाही. फक्त घड्याळात ८० सेंटीबारच्या आसपास त्यात हवा शिरते, तेव्हा पाणी भरत राहा.

---

जुना_खोडवा

वर्गणीचं मी सांगतो, कारण दोन वेगळ्या कंपन्या वापरून झाल्यात. भरायच्या आधी त्यांना विचारा की तासागणिक कच्चे आकडे उतरवून घेता येतात का. नुसते हिरवे-लाल ठिपके देत असतील तर वर्गणी थांबली त्या दिवशी तुमच्या हाती काही उरत नाही. पावसाचा आकडा तुमच्या महसूल मंडळातल्या महावेध केंद्राशी (राज्य सरकारच्या हवामान केंद्राशी) ताडून बघा. मंडळ मोठं असतं, तंतोतंत जुळणार नाही, पण रोजच फरक येत असेल तर मापकाच्या नरसाळ्यात पालापाचोळा अडकला असेल. माझ्याकडे कोळ्याने घर केलं होतं.

---

दिंडोरीकर

सगळ्यांचे आभार. काल वडिलांनी पट्टी पुसली, फडकं निळसर निघालं. आज आलेख पावणेदहाला कोरडा झाला, इशारा लालवरून पिवळ्यावर. पट्टी मांडवात हलवायला वायरमनला सांगितलंय. कच्चे आकडे मिळतात का, असं कंपनीला विचारलंय. उत्तर आल्याशिवाय पैसे भरत नाही.

मातीत_हात भाऊ, एक शंका राहिली. चिखल करून बसवल्यावर सेन्सरचा आकडा भरवशाचा व्हायला किती पाणी-पाळ्या जाऊ द्याव्यात?

---

मातीत_हात

दोन-तीन तरी. चिखल आजूबाजूच्या मातीत बसला पाहिजे. तोवर वडिलांची कुदळ आणि लाडू.