न्याहारीचे परतलेले बटाटे: तुमच्याकडे खरपूस कसे होतात?

रविवारचा_स्वयंपाक (न्यू जर्सी)

पोह्यातला बटाटा आणि डोशातली भाजी आज बाजूला ठेवू. मला हवाय तो सकाळी चहाकॉफीबरोबर खायचा, तव्यावर परतलेला, बाहेरून कडक आणि आत लोण्यासारखा बटाटा. इथे त्याला होम फ्राइज म्हणतात. डायनरमध्ये अंड्याची कुठलीही प्लेट मागवा, शेजारी ढीगभर येतातच. बऱ्याच ठिकाणी ते सकाळपासून गरम तव्याच्या कडेला पडून लोळागोळा झालेले असतात, म्हणून घरीच करायला लागलो.

माझी रीत: युकॉन गोल्ड जातीचे बटाटे, साधारण अर्धा किलो, सालासकट पाऊण इंचाचे तुकडे. गार पाण्यात मीठ आणि चमचाभर व्हिनेगर घालून उकळायला ठेवायचे. व्हिनेगरमुळे तुकडे कडेने विरघळत नाहीत, अंगाने शाबूत राहतात. सुरी शिरली की लगेच निथळायचे आणि त्याच गरम पातेल्यात दोन मिनिटं उघडे ठेवायचे, म्हणजे वाफ निघून जाते. मग बिडाच्या पॅनमध्ये दोन मोठे चमचे तेल, तुकडे एका थरात. लोणी अगदी शेवटी, आधी घातलं तर त्यातला दुधाचा अंश जळतो. कांदा आणि ढोबळी मिरची वेगळी परतून नंतर मिसळायची. बटाट्याबरोबरच घातली की पाणी सोडतात आणि सगळं शिजत बसतं.

रसेट जातीचा, पिठूळ बटाटा घेतला तर जास्त कुरकुरीत होतो, पण उलटताना फुटतो. ते चुरचुरीत तुकडे कुणाला आवडत असतील तर जरूर घ्या.

आता तुम्ही सांगा. कच्चे की उकडलेले? झाकण ठेवता का? तवा कोणता? प्रमाणासकट लिहिलंत तर उत्तम.

तव्यावरची (पुणे)

कच्चेच! उकडून परतला की ती भाजी झाली. आमच्याकडे सकाळी गरम पोळीबरोबर काचऱ्या असतात आणि उरल्या तर डब्यात जातात. (उरत नाहीत.)

बटाटे मध्यम, तळेगावचे मिळाले तर बरे. आधी उभे दोन भाग, मग आडव्या पातळ चकत्या. फार पातळ नकोत, त्यांचा वेफर होतो. पाण्यात टाकून चोळायच्या, पाणी दुधाळ होतं ते ओतून द्यायचं, दुसऱ्यांदा, लागलं तर तिसऱ्यांदा. हा स्टार्च राहिला तर काचऱ्या एकमेकींना धरून बसतात. मग जुन्या पंचावर पसरून कोरड्या करायच्या. ही पायरी लोक गाळतात आणि मग तक्रार करतात.

लोखंडी कढईत नेहमीच्या भाजीच्या दीडपट तेल. मोहरी, हिंग, हळद आणि काचऱ्या. पहिली पाच मिनिटं झाकण, तेही मधे एकदा उचलून आतल्या बाजूचं पाणी पुसून. नंतर झाकण काढायचं ते काढायचंच. मीठ आणि तिखट शेवटी: मीठ आधी घातलं की पाणी सुटतं, आणि तिखट आधी घातलं की करपून घरभर ठसका. वर चिमूटभर साखर, आम्ही पुण्याचे.

सासूबाई मागे उभ्या राहून एकच सांगायच्या, "सारखी ढवळू नकोस गं, तळ धरू दे त्याला." सहा-सात मिनिटं हात लावायचा नाही. तळाला चिकटलेल्या ज्या तांबूस काचऱ्या असतात त्यांच्यावरून आमच्याकडे अजून भांडणं होतात.

उपाशी

एकादशीला तूप-जिरं-हिरवी मिरची, उकडलेल्या बटाट्याच्या फोडी, भरपूर दाण्याचं कूट. कूट तळाला खमंग भाजलं गेलं की आणखी काही लागत नाही. बाकी तुमचं चालू द्या.

पठारावरचा (आंबेगाव तालुका)

तवा आणि झाकण यांवर एवढी चर्चा, पण बटाट्याचं कुणी बोलेना. आमच्या सातगाव पठारावर पावसाच्या पाण्यावर बटाटा होतो. बेणं मंचरच्या बाजारातून येतं, पंजाबचं. पाऊस सुरू झाला की लागवड आणि साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणी. ताजा निघालेला बटाटा अंगठ्याने सोलला जातो. चवीला एक नंबर, पण त्यात पाणी जास्त, त्यामुळे कुरकुरीत व्हायला वेळ लागतो. त्याला मंद आच आणि धीर हवा.

उलटा त्रास शीतगृहातल्या मालाचा. दोन-चार अंशांवर महिनोन्‌महिने ठेवला की आतल्या स्टार्चची साखर होते. असा बटाटा खाताना किंचित गोड लागतो आणि तव्यावर आत शिजायच्या आधी बाहेरून काळा पडतो, वर कडवट. बाई म्हणते गॅस मोठा होता, गॅसचा काही दोष नसतो. घरच्या फ्रिजमध्ये कच्चे बटाटे ठेवले तरी हेच होतं. वेफरवाले म्हणूनच माल दहा-बारा अंशांवर ठेवतात आणि चिप्सोनासारखं कमी साखरेचं वाण मागतात. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने ते त्याच कामासाठी काढलंय.

गोडसर बटाटा घरात आलाच तर टोपलीत, अंधाऱ्या हवेशीर जागी दोन-तीन आठवडे ठेवा, साखर बरीच उतरते. उजेडात ठेवू नका, हिरवा पडतो. हिरवा भाग खोलवर कापून टाका, आणि बटाटा बराच हिरवा असेल किंवा कडू लागला तर सरळ फेका.

तव्यावरची (पुणे)

@पठारावरचा, म्हणजे मे महिन्यात काचऱ्या काळ्या पडतात त्याचं कारण हे होय! आमच्या भाजीवाल्याला विचारलं तर तो कढई बदला म्हणाला होता.

गोंयचो_पाव

आमच्याकडे काप. बटाट्याच्या बोटाच्या अर्ध्या जाडीच्या चकत्या, मीठ-हळद-तिखट आणि थोडं व्हिनेगर लावून पंधरा मिनिटं, मग रव्यात घोळवून तव्यावर कमी तेलात. सोमवारी-गुरुवारी मासळी नसते तेव्हा जेवणात, आणि उरलेले दुसऱ्या दिवशी सकाळी पावात घालून. रव्यात थोडं तांदळाचं पीठ मिसळलं तर कवच टिकतं. तेल कडेने सोडायचं, वरून नाही. न्याहारीत मोजत असाल तर घ्या, नसाल तर जेवायला या.

इसारकाठी (म्युनिक)

जर्मनीत ब्राटकार्टोफेल्न म्हणतात. इथे दुकानात बटाट्याच्या पिशवीवरच लिहिलेलं असतं: घट्ट राहणारा, मधला, पिठूळ. परतायला घट्ट जातीचाच घ्यायचा. शेजारच्या आजींनी (वय ऐंशीच्या पुढे, अजून जिने चढतात) शिकवलेली मुख्य गोष्ट म्हणजे बटाटे आदल्या दिवशी सालासकट उकडायचे, पूर्ण गार करायचे आणि सकाळी सोलून कापायचे. गार झाल्यावर आतला स्टार्च घट्ट बसतो, चकती सुरीला चिकटत नाही आणि तव्यावर मोडत नाही. गरम बटाटा कापून टाकला की लगदा, हे मी शेजारणींकडे पाहिलंय.

आजी डुकराचं खारवलेलं मांस घालतात. आम्ही शाकाहारी, म्हणून तेलात अर्धा चमचा शहाजिरं टाकते. त्या इथलं क्युमेल घालतात, वास जवळपास तसाच. कांदा बटाटे तांबूस झाल्यावर.

स्वित्झर्लंडचं रोश्टीही असंच. बर्नकडच्या शेतकऱ्यांची ती न्याहारी, फक्त बटाटा किसून सबंध धिरड्यासारखा उलटायचा. उलटताना ताटलीची मदत घ्या, शौर्य दाखवू नका.

पीजीतला_शेफ (बंगळूर)

इंडक्शन, एक पातळ नॉनस्टिक, बस. बटाट्याला काट्याने टोचे मारून मायक्रोवेव्हमध्ये पाच मिनिटं, मधे एकदा फिरवून. पाण्यात उकडत नसल्यामुळे तो कोरडाच निघतो, पंचा वगैरे लागत नाही. तुकडे करून पॅनमध्ये, मध्यम आचेवर. इंडक्शनवर मधोमध करपतं आणि कडेला पांढरं राहतं, म्हणून तुकडे गोलाकार रचतो, मधली जागा रिकामी. वर पेरी-पेरी मसाला. रूममेटला काचऱ्या, काप वगैरे काही सांगू नका, तो मागायला लागेल.

रविवारचा_स्वयंपाक (न्यू जर्सी)

वाचताना भूक लागली. पंचा, आदल्या दिवशीचं उकडणं, मायक्रोवेव्ह, गरम पातेल्यात वाफ घालवणं: सगळ्यांचं भांडण पाण्याशीच दिसतंय. पाणी आहे तोवर तिथलं तापमान शंभर अंशांच्या वर सरकत नाही, आणि तांबूस रंग यायला साधारण एकशे चाळीसच्या पुढे जावं लागतं. म्हणून गर्दी केलेला पॅन नेहमी हरतो. घरात चार माणसं असतील तर दोन घाण्यांत करा, पहिला घाणा ओव्हनमध्ये गरम ठेवा.

आदल्या दिवशीची युक्ती या शनिवारी रात्री करून बघतो. गोंयचो_पाव, न्याहारीत मोजलंय.

नवा_तवा (नाशिक)

बिडाचा तवा नुकताच आणलाय. बटाटे चिकटतात आणि वरचं खरपूस सालपट तव्यालाच राहतं. नॉनस्टिककडे परत जाऊ का?

तव्यावरची (पुणे)

अजिबात नको. तवा आधी नुसता तापवा, मग तेल, तेल हललं की बटाटे. पहिल्यांदा उलटायची घाई नको, खालची बाजू तयार झाली की तो आपणहून सुटतो. तोवर ओढलात तर सालपट जाणारच. उलथनं लोखंडी, पातळ धारेचं घ्या, लाकडी नको. आणि तवा साबणाने घासून ओला ठेवू नका. पुसा, गॅसवर कोरडा करा, तेलाचा हात फिरवा. पहिला महिना त्यावर धिरडी आणि घावनच करा, बटाटे नंतर.