गोल्डस्पॉटची झिंग: जाहिराती चांगल्या होत्या की आपण लहान होतो?

बिल्लेबहाद्दर

परवा मामेभावाने घरच्या ग्रुपवर गोल्डस्पॉट या नारिंगी थंड पेयाची जुनी जाहिरात टाकली. एरवी सुप्रभातच्या फुलांपलीकडे न जाणारा ग्रुप जो काही उसळला! मावशीला कॉलेजचं कँटीन आठवलं, काकांना टॉकीजमधलं मध्यंतर आठवलं. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान चुलतभाऊ, ज्याने गोल्डस्पॉटची बाटली धड पाहिलीही नसेल, तोही "गेले ते दिवस" म्हणून मोकळा झाला.

माझं म्हणणं साधं आहे. त्या काळातल्या थंड पेयांच्या जाहिराती आजच्यापेक्षा चांगल्या होत्या. गोल्डस्पॉटचं 'द झिंग थिंग', थम्सअपचं 'हॅपी डेज आर हिअर अगेन', कॅम्पा कोलाचं 'द ग्रेट इंडियन टेस्ट', आणि त्यात सिनेमात येण्याआधीचा, हडकुळा सलमान. चार पोरंपोरी, समुद्र, होडी आणि एक चाल. संपलं. एका बाटलीसाठी कुणी कड्यावरून उडी मारत नाही की ट्रकखालून सरपटत जात नाही. निरागस होतं सगळं.

पुरावा हवा? माझ्या सातव्या वाढदिवसाचा, 1986 चा फोटो आहे. हातात गोल्डस्पॉटची बाटली, ओठांवर नारिंगी मिशी. ती चव अजून जिभेवर आहे. आजची एक तरी जाहिरात चाळीस वर्षांनी कुणाला आठवेल? बोला.

आडवातिडवा

निरागस? धंदा होता हो तो. आणि चांगला रोकडा धंदा.

1977 साली काय झालं ते आठवा. फेरा या परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे परदेशी कंपन्यांनी भांडवलातला आपला वाटा 40 टक्क्यांवर आणायचा होता. जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री. कोका-कोलाने गाशा गुंडाळला आणि मैदान मोकळं झालं. सरकारने स्वतःच 'डबल सेव्हन' नावाचं पेय काढलं, तेही मॉडर्न ब्रेड बनवणाऱ्या सरकारी कंपनीकडून! पार्लेच्या चौहानांनी थम्सअप आणलं. आधी कोकच्याच बाटल्या भरणाऱ्या प्युअर ड्रिंक्सने कॅम्पा कोला आणलं. 'सुखाचे दिवस परत आले' हे कुणाला उद्देशून होतं? ज्याचा कोक गेला त्याला. म्हणजे ही सरळ गिऱ्हाईक उचलायची ओळ. तुम्ही तिची अंगाई करून ठेवलीत.

उड्या नव्हत्या म्हणता, तर उड्यांना पैसे नव्हते आणि स्पर्धा नव्हती. पेप्सी-कोक आमनेसामने आल्यावर बघा कसे सगळे कड्यावरून उड्या मारायला लागले. थम्सअपच 'टेस्ट द थंडर' म्हणत सर्वांत पुढे होतं.

खडीसाखर

मी काही वर्षं जाहिरातीच्या धंद्यात काढली आहेत, म्हणून दोन पैसे माझेही.

आठवणीत राहण्याचं श्रेय बिल्लेबहाद्दर जाहिरातीला देताहेत, ते थोडं दूरदर्शनला द्या. दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या 1976 मध्ये. पुढे बरीच वर्षं बहुतेक घरांत एकच वाहिनी होती, रिमोट नव्हता आणि छायागीत किंवा रामायण सुरू होण्याआधी जागा सोडली तर ती परत मिळायची नाही. तीच चाल, तीच पोरं, तोच समुद्र, आठवड्यामागून आठवडे. एवढ्या वेळा पाढे म्हटले असते तर एकोणतीसचाही पाठ झाला असता. आज जाहिरातीला पाच सेकंदांत 'स्किप' होण्याआधी गळा पकडायचा असतो. ती ओरडते कारण तुम्ही पळून जाऊ शकता. तेव्हा तुम्ही पळू शकत नव्हता, म्हणून ती हळू बोलायची.

पण आडवातिडवा, एक मुद्दा तुमच्याही विरोधात. धंदा होता म्हणून कारागिरी खोटी ठरत नाही. 'द झिंग थिंग' या तीन शब्दांत ती जीभेवरची चुणचुण ऐकू येते. असे तीन शब्द सुचायला माणूस महिनाभर भिंतीकडे बघत बसतो. विकण्यासाठी केलेलं सगळं फसवं असेल तर लावणीलाही तिकीट होतं.

पारावरचा

'झिंग'वरून आठवलं. आमच्या गावात सुरुवातीला दोनच टीव्ही. एक ग्रामपंचायतीत, एक सावकाराच्या माडीवर. आम्ही पंचायतीतल्या टीव्हीपुढे. गोल्डस्पॉटची जाहिरात लागली आणि 'झिंग' एवढाच शब्द आजोबांच्या कानी पडला. तिथून पुढे घरात फतवा: शहरात गेलात तर ती पिवळी दारू प्यायची नाही. पोरं एवढी नाचताहेत, हसताहेत, ती काय साध्या पाण्यावर? त्यांचं बरोबरच होतं म्हणा. जाहिरातीत दुसरं काही दाखवतच नव्हते.

विनोद बाजूला. तुम्ही सगळे या जाहिराती 'आपल्या' म्हणताहात. ओळी बघा ना. हॅपी डेज, झिंग थिंग, ग्रेट इंडियन टेस्ट. एक शब्द मराठी नाही, हिंदीही नाही. 'इंडियन टेस्ट' म्हणायचं तेही इंग्रजीत. आम्ही गोटी सोडावाले, तोही जत्रेत. ती बाटली आमच्यासाठी नव्हतीच आणि जाहिरातीने ते लपवलंही नाही. तरी बघायचो. बाटलीकडे नाही हो, समुद्राकडे. मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो कोलाच्या जाहिरातीत. पुढे खरा पाहिला तेव्हा पहिला विचार आला, होडी कुठे आहे?

बिल्लेबहाद्दर

@पारावरचा, आजोबांना दंडवत.

इंग्रजीचा मुद्दा मान्य, पण मग रसना घ्या. 'आय लव्ह यू रसना' हे आजींनाही कळायचं. 5 रुपयांत 32 ग्लास! पुडी आणि सोबत अर्काची छोटी बाटली, साखर-पाणी आपलं. अहमदाबादच्या खंबाटांनी मध्यमवर्गाचं बजेट बघून पेय बनवलं. आमच्या आईने तर 32 चे 40 केले होते. त्या जाहिरातीतल्या मुलीत निरागसपणा नव्हता म्हणायचंय?

आडवातिडवा

मुलगी निरागस होती. तिला कॅमेऱ्यापुढे उभं करणारे नव्हते. लहान मुलाच्या तोंडून आईच्या पाकिटाला हात घालायचा, ही युक्ती रसनाने इतकी गोड करून दाखवली की आजवर सगळे तीच गिरवताहेत. हल्ली कुणी तसं केलं की तुम्हीच म्हणता, मुलांचा वापर करतात!

गुळवेल

दवाखान्यातून लिहितोय, थोडक्यात. अशा पेयात 100 मिलीत साधारण 10 ते 11 ग्रॅम साखर असते. 300 मिलीच्या बाटलीत 30 ग्रॅमच्या वर, म्हणजे सात-आठ चमचे. चहात एवढी घातली तर तुम्ही कप फेकाल. लिंबू-संत्र्याच्या पेयात सुगंधी तेल वर तरंगू नये म्हणून बीव्हीओ नावाचं ब्रोमिनयुक्त तेल मिसळायची तेव्हा पद्धत होती. 1990 च्या सुमारास आपल्याकडे त्यावर बंदी आली. होडीतल्या पोरांना यातलं काही माहीत नव्हतं, प्रेक्षकांनाही नव्हतं. निरागसपणा होता तो एवढाच.

मनमाडकर

डॉक्टर, तुम्हाला वाढदिवसाला कुणी बोलावतं का हो? हलके घ्या.

आम्ही पेयापेक्षा बिल्ल्यांचे भक्त. टपरीच्या ओपनरखाली पडलेले बिल्ले वेचायचे, दगडाने ठोकून सपाट करायचे, खिळ्याने दोन भोकं पाडून दोरा ओवायचा, की झाली भिंगरी. कडेला बोट कापलं की घरी सांगायचं नाही. बिल्ले जमवून थम्सअपची ती क्रिकेटची छोटी पुस्तकं मिळायची, भराभर पानं सोडली की गावसकर खेळायला लागायचा. ती माझ्यासाठी सगळ्यात भारी जाहिरात. तिला बघायचं नसतं, अंगठ्याने चालवायचं असतं.

आणि आमच्या मनमाडजवळच्या हडबीच्या शेंडीला रेल्वेतून जाणारा प्रत्येक जण 'थम्सअप डोंगर' म्हणतो. डोंगर आधीचा की बाटली, हा प्रश्न आमच्या वर्गातल्या एका मुलाने गुरुजींना विचारला होता. छड्या खाल्ल्या.

रास्पबेरी

मी चेंबूरची. आमच्याकडे ड्यूक्स. पारशी कुटुंबाची, 1889 पासूनची कंपनी. लग्नमुंजीत, इराण्याकडे, शाळेच्या सहलीत, सगळीकडे ड्यूक्सची रास्पबेरी नाहीतर मँगोला. 1994 मध्ये पेप्सीने ती विकत घेतली.

वर वाचता वाचता एक लक्षात आलं. ड्यूक्सची एकही जाहिरात मला आठवत नाही, चव लख्ख आठवते. जीभ लाल व्हायची, ती आरशात बघायचे. गोल्डस्पॉटचं बरोब्बर उलट. जाहिरातीची चाल आत्ता गुणगुणून दाखवते, चव विचारली तर… नारिंगी. नारिंगी हा रंग झाला ना? मला वाटतं आपल्यातल्या बहुतेकांनी गोल्डस्पॉट प्यायलं कमी आणि पाहिलं जास्त.

खडीसाखर

@रास्पबेरी, हे फार नेमकं. त्या काळी आमच्या घरात बाटली वर्षातून दोनदा यायची आणि जाहिरात रोज. फुकट मिळायचा तो माल म्हणजे जाहिरातच.

उशिरा आलेली

माझा जन्म 1998 चा, त्यामुळे गोल्डस्पॉट म्हणजे तुमच्या पिढीचं पुराण. कंपनीने ते बाजारातून काढलं तेव्हा मी रांगत असेन. पण तुमचा हा उसासा मला ओळखीचा आहे. माझा 'ठंडा मतलब कोका-कोला'पाशी निघतो. आमिर खान, विहीर, 5 रुपयांची छोटी बाटली. तिला तुम्ही 'आजची भडक जाहिरात' म्हणाल, माझ्यासाठी ती उन्हाळ्याची सुट्टी आहे.

त्याच दिवसांत, ऑगस्ट 2003 मध्ये, सीएसई या पर्यावरणावर काम करणाऱ्या संस्थेने शीतपेयांत कीटकनाशकं सापडल्याचा अहवाल दिला आणि शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संसदेची समिती बसली. समितीने तो अहवाल उचलून धरला. बाबांनी घरात बाटली बंद केली. जाहिरात मात्र घरात येतच राहिली, तिला कोण बंद करणार? म्हणजे रास्पबेरीताईंचाच अनुभव, फक्त वीस वर्षांनी.

आणि सगळं पैशातच मोजायचं असेल तर कॅप्टन विक्रम बात्रांचं काय करायचं? 'ये दिल मांगे मोअर' ही पेप्सीची ओळ. कारगिलमध्ये त्यांनी ती विजयाची खूण म्हणून वापरली, त्यानंतर ती पेप्सीची राहिली का?

आडवातिडवा

बात्रांबद्दल बोलणार नाही, तिथे गप्प बसतो.

बाकीच्यांना मात्र हिशेब दाखवतो. 1993 मध्ये कोका-कोला परत आली आणि तिने पार्लेकडून थम्सअप, लिम्का, गोल्डस्पॉट, माझा, सिट्रा ही नावंच उचलली. फँटाच्या वाटेत नको म्हणून गोल्डस्पॉट बाजूला झालं. थम्सअप मात्र मरेना. 2021 मध्ये ते अब्ज डॉलर विक्रीचं नाव झालं, अमेरिकन मालकाचं. 2022 मध्ये रिलायन्सने कॅम्पा साधारण 22 कोटींना घेतलं आणि 2023 मध्ये बाजारात उतरवलं, तेच 'ग्रेट इंडियन टेस्ट' घेऊन. त्या 22 कोटींत काय होतं? यंत्रं? सूत्र? नाही. तुमच्या ग्रुपवरचे उसासे होते. बिल्लेबहाद्दर, तुम्ही हा धागा काढलात तो फुकट केलेला प्रचार आहे. बिल पाठवा त्यांना.

पारावरचा

पाठवलंच तर आजोबांच्या नावाचाही एक वाटा टाका. 'पिवळी दारू' अशी प्रसिद्धी त्यांनी पंचक्रोशीत फुकट केली होती.

बिल्लेबहाद्दर

आडवातिडवा, 22 कोटींना उसासे विकले गेले हे मान्य केलं तरी उसासा खोटा कसा होतो? आंब्याच्या पेटीवर भाव लिहिलेला असतो म्हणून आंब्याचा वास खोटा असतो का? मी त्या होडीतल्या पोरांसारखं हसायला शिकलो, हे खरंच आहे. चव जिभेवर आहे तीही खरी आहे. ठाम आहे मी.

तुमचं तोंड बंद करावं म्हणून काल तो वाढदिवसाचा फोटो आईकडून मागवला, इथे चिकटवणार होतो. तिने फोटो पाठवला आणि खाली लिहिलं: "बाटली शेजारच्या देशपांडेकाकूंची. रिकामी आणली होती, फोटोपुरती. डिपॉझिटची म्हणून दुसऱ्या दिवशी धुऊन परत दिली. आत रसना भरलं होतं. तुला सांगितलं नव्हतं, तू रडला असतास."

दोन तास झाले. काय लिहावं सुचत नाहीये.

रास्पबेरी

आय लव्ह यू, रसना.