शब्दचर्चा : ‘फायबर आर्ट’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : मी जळगावची. केळीच्या खोडाचे धागे, कापूस आणि बैलांचे जुने कासरे घेऊन माणसाच्या उंचीच्या आकृत्या करते. पाटीवर ‘धागाकाम’ लिहिलं की लोकांना भरतकाम वाटतं. ‘वस्त्रशिल्प’ लिहिलं की विचारतात, वस्त्र कुठे आहे? आणि दगड, धातू सोडून ‘शिल्प’ म्हणता येतं का?

उत्तर : ताई, ‘तंतुशिल्प’ लिहा, बेधडक लिहा. शिल्प म्हणजे मुळात हातचं कसब. कारागिराचं नाव क्रियापदापासून कसं बनतं ते सांगणारं, पाणिनीच्या व्याकरणातलं ‘शिल्पिनि ष्वुन्’ हे सूत्र घ्या. त्याची परंपरेनं दिलेली उदाहरणं आहेत नर्तक, खनक (खणणारा) आणि रजक. यातला रजक ‘रञ्ज्’ (रंगवणे) या क्रियापदाच्या मूळ रूपापासून आला, म्हणजे कापड रंगवणारा. मूर्तिकार त्या यादीत नाहीच! शिल्प दगडाला चिकटलं ते पुढे.

खरी काळजी घ्यायची ती क्रियापदाची. दोर, धागा दिसला की लिहिणारे सरसकट ‘विणलेलं’ लिहितात. शिल्पकार मृणालिनी मुखर्जी (1949–2015) यांची 1984 ची दोरांची ‘यक्षी’ ही आकृती विणलेली नाही. माग नाही, सुया नाहीत. हातानं गाठीवर गाठ मारत ती उभी केली आहे. आपल्याकडे प्रत्येक क्रियेला वेगळा शब्द आहे : कापूस पिंजतात, सूत काततात, दोर वळतात, गोफ गुंफतात, बाज विणतात. तुमच्या हातानं जे केलं, तेच पाटीवर यावं.

दुसरी गफलत ‘हेम्प’ची, म्हणजे दोराच्या निरनिराळ्या तंतूंना इंग्रजीत सरसकट लावतात त्या नावाची. इंग्रजीत डेक्कन हेम्प म्हणजे आपली अंबाडी, सन हेम्प म्हणजे ताग, सिसल हेम्प हा घायपाताच्या जातीचा, आणि मनिला हेम्प तर चक्क केळीच्या कुळातला. म्हणून झाड कोणतं ते पाहिल्याशिवाय ‘ताग’ लिहू नये.

प्रतिसाद : नाना, तंतुशिल्प फार पुस्तकी होतं. आमच्या यावलकडे कुणालाही कळेल असं ‘दोरकाम’ का नको?

उत्तर : भाऊ, दोर ही शेवटची अवस्था. केळीचा घड उतरवल्यावर खोड आडवं पाडतात. त्याचा एकेक पापुद्रा सुटतो ते सोपट; फुलवाले गजरा बांधतात तेच. सोपट फळीवर ठेवून बोथट पात्यानं गर खरवडला की मागे उरतात ते फिकट, चमकदार तंतू. अंबाडी-घायपाताच्या अशा तंतूंना वाख म्हणतात, केळीच्याही म्हणायला हरकत नाही. वाखाला पीळ दिला की पेड, आणि तीन पेड एकत्र वळले की तिपेडी दोर. ताईंच्या कामात काही ठिकाणी वाख पीळ न देता तसाच मोकळा सोडला असेल, तर त्याला दोरकाम कसं म्हणणार? वरचं नाव तंतुशिल्पच राहू द्या. गावचे शब्द खालच्या ओळीत घाला, तिथे ते नेमके बसतात.

प्रश्नकर्ती : मोकळा सोडलाय, खरंच. मग असं लिहिते : ‘तंतुशिल्प. केळीचा वाख, सरकी न काढलेला कापूस, सुती कासरा. वळून आणि गाठी मारून.’

उत्तर : उत्तम. फक्त ‘सरकी न काढलेला कापूस’मधलं ‘सरकी न काढलेला’ गाळा. सरकीसकट असतो तोच कापूस. जिनिंगमध्ये सरकी निघाली की ती रुई.