जपानमधलं काइसेकी जेवण: तुमचे अनुभव लिहा

निशिगंधा
रविवारी सकाळी सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानात फिरायला गेले होते. ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं आहे ते, पुणेकरांना सांगायला नको. रात्री पाऊस पडून गेला होता, दगड ओले होते, आणि एकदम क्योटोचं ते काइसेकी आठवलं, ऋतूप्रमाणे एकामागून एक छोटे छोटे पदार्थ वाढतात ते जपानी जेवण. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

नवऱ्याच्या कामानिमित्त गेलो होतो. त्याचे तिथले साहेब आम्हाला हिगाशियामात एका जुन्या घरात जेवायला घेऊन गेले. बाहेर पाटी हाताच्या पंजाएवढी. आत आमच्यापुरती एक खोली, जमिनीवर तातामी चटया, कोनाड्यात टांगलेला अक्षरांचा पट आणि खाली बांबूच्या नळकांडीत एकच फूल. जुलै महिना, गिओनचा उत्सव चालू, त्यामुळे हामो मासा असणारच असं साहेब आधीच म्हणाले. आपल्या वामेच्या जातीतला मासा. क्योटो समुद्रापासून लांब, आणि जुन्या काळी भर उन्हाळ्यात तिथवर जिवंत पोचायचा तो हाच, एवढा चिवट. याच्या अंगात काटे इतके बारीक की वेचून काढणं शक्यच नाही. मग आचारी जड सुरीने काप देत जातो, तीन सेंटिमीटरच्या जागेत चोवीसेक, आणि खालची कातडी मात्र अखंड राहिली पाहिजे. साहेबांनी सांगून ठेवलं होतं म्हणून कान देऊन ऐकलं. आतून खरंच आवाज येत होता, सर्र सर्र सर्र, एका लयीत.

मग सूप आलं. काळं लाखेचं भांडं, झाकण घट्ट बसलेलं. कडा किंचित दाबल्या की झाकण सुटतं, हे वाढणाऱ्या बाईंनी हाताने दाखवलं. झाकणाच्या आतून सोनेरी गवताची पाती रंगवलेली, म्हणजे ती फक्त उघडणाऱ्यालाच दिसणार. आत नितळ पाणी म्हणावं असं सूप, मधोमध हामोचा पांढराशुभ्र उमललेला तुकडा, वर युझू या लिंबासारख्या फळाच्या हिरव्या सालीचा एवढासा कपचा. पहिल्या घोटाला वाटलं, काहीच चव नाही. पुढच्याला समुद्र, धूर, मागून गोडसर काहीतरी. साहेब ऑफिसचं काहीतरी सांगत होते, ते बोलता बोलता थांबले आणि आम्ही सगळे नुसते पीत बसलो.

या जेवणाचा जीव त्या सुपात असतो हे माझं तेव्हापासून पक्कं मत आहे. सजावटीचे फोटो सगळेच टाकतात, सुपाबद्दल कोणी बोलत नाही.

तुम्ही कुठे जेवलात, कुठल्या ऋतूत, काय लक्षात राहिलं? शाकाहारी मंडळींनी तर जरूर लिहा.

कैरीपन्हं
वाचतेय!! मार्चअखेर जातोय. पूर्ण शाकाहारी, त्यात सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. आमच्यासारख्यांनी काय करायचं ते कुणीतरी लिहा प्लीज.

निशीकासाईकर
कैरीपन्हं, ट्रेनमध्ये आहे, जमेल तसं लिहितो.

अडचण मांस-माशाची नाही, दाशीची आहे. दाशी म्हणजे ते मूळ पाणी, ज्यावर सगळा स्वयंपाक उभा असतो. कोंबू हे समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे धुरी देऊन वाळवलेल्या बोनिटो माशाचे पातळ पापुद्रे, यांची ती बनते. भाजी शिजते दाशीत, टोफूवर ओततात दाशी, अंड्यात दाशी, चटणीसारखं जे देतात त्यातही. "मासे खात नाही" म्हटलं तर ते माशाचा तुकडा काढून घेतात, पाणी तेच राहतं. त्यांच्या लेखी त्यांनी मासा वाढलेलाच नसतो. म्हणून "कात्सुओ दाशी चालत नाही, कोंबू आणि शिताके मशरूमची चालते" असं जपानीत लिहून आरक्षण करतानाच पाठवायचं. आयत्या वेळी सांगून उपयोग नाही. दाशी आधीच करून ठेवलेली असते.

सासूबाईंसाठी सरळ शोजिन र्योरी. बौद्ध मठांतलं जेवण, मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. क्योटोत आराशियामाला तेनर्यूजी मंदिराच्या आवारात शिगेत्सु आहे, लाल लाखेच्या ताटल्यांत वाढतात. बागेचं तिकीट वेगळं काढावं लागतं. दुसरं म्हणजे कोयासान. डोंगरावर पन्नासेक मठांत राहता येतं, रात्रीचं आणि सकाळचं जेवण त्यातच. तिळाचा टोफू चुकवू नका. तीळ वाटून कुझू नावाच्या वेलाच्या मुळांच्या सत्त्वात घोटतात, बराच वेळ हात न थांबवता. मात्र मुळा, गाजर, अळकुड्या असतात, तेव्हा जैन मंडळींनी आधी विचारावं.

उतरायचं स्टेशन आलं. बाकी नंतर.

कैरीपन्हं
दादा खूप खूप धन्यवाद! सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, अळकुड्या कशा करतात?

रानवाटा
मार्चअखेर म्हणजे बांबूचे कोंब सुरू होतील बघा. आम्ही एप्रिलमध्ये होतो, जवळजवळ प्रत्येक ताटात होते. वाकामे शेवाळासोबत शिजवलेले, भातात घातलेले, निखाऱ्यावर सालासकट भाजलेले. माझं माहेर गडचिरोलीचं, तेव्हा ताट समोर आलं आणि मी ओरडलेच, अगं हे तर आपले वास्ते! नवरा नागपूरचा, तो माझ्याकडे बघत राहिला. आमच्याकडे वास्ते पावसाळ्यात निघतात, त्यांचे वसंतात. कडूपणा काढायला ते तांदळाचा कोंडा आणि सुकी मिरची घालून उकळतात, मग त्याच पाण्यात गार होऊ देतात. आमची आजी चिरून पाण्यात ठेवायची, पाणी बदलत राहायची. मग डाळ घालून भाजी.

शेंगपोळी
रानवाटा, धागा जपानचा आहे पण वास्त्यांची कृती लिहाच. पुण्यात मिळतात का कुठे?

रानवाटा
लिहिते रात्री. पुण्यात ताजे मी तरी पाहिले नाहीत. भाऊ येताना आणतो.

बंदरवाडी
आम्ही मासे खाणारे, त्यामुळे दाशीबिशीचं टेन्शन नाही. किबुनेला जेवलो. क्योटोच्या उत्तरेला डोंगरात गाव, उन्हाळ्यात नदीच्या अगदी वर माच्या घालतात, पाणी तुमच्या बसण्याखाली हातभर अंतरावरून धावतं. शहरात घामाने जीव नकोसा झाला होता, तिथे बायकोने ओढणी गुंडाळून घेतली.

अयु आला. गोड्या पाण्यातला, वीतभरापेक्षा लहान. काडीवर असा नागमोडी ओवून भाजतात की ताटातही पोहतोय असंच दिसतं. शेपटीला आणि परांना जाड मीठ. मुंडीपासून शेपटीपर्यंत आतड्यांसकट खायचा, पोटाचा भाग कडवट लागतो, आणि तो कडवटपणाच हवा असतो त्यांना. सोबत पाणमिरीच्या पानांचं हिरवं आंबट पाणी. माझी आई मुंडी चोखून खाणारी. तिने अख्खा मासा संपवून कणाही ठेवला नाही, तेव्हा वाढणाऱ्या मावशी तिच्यासमोर गुडघ्यावर बसून काहीतरी बोलल्या. भाषा कळली नाही, पण दोघी हसत होत्या बराच वेळ.

तिखट मात्र कशालाच नाही. दुसऱ्या दिवशी मला आईच्या हातचं तिरफळ घातलेलं बांगड्याचं कालवण हवं झालं होतं, हेही खरं.

गोदातीर
कोणी रागावू नका, मनापासून विचारतोय. एका जेवणाला माणशी १५-२० हजार रुपये? तेवढ्यात आमचं अख्खं घर गोव्याला जाऊन येतं. पोट तरी भरतं का?

सायली_के
गोदातीर काका, प्रश्न रास्त आहे. नावाजलेल्या ठिकाणी रात्रीचं जेवण २५-३० हजार येनच्या पुढेच जातं, वर सेवाशुल्क. पण त्याच घरांपैकी बऱ्याच ठिकाणी दुपारचं जेवण निम्म्याहून कमीत मिळतं. पदार्थ थोडे कमी, हात तोच. ह्योतेई हे चारशे वर्षांहून जुनं घर, नान्झेनजी मंदिराजवळ. उन्हाळ्यात तिथे सकाळी भाताची पेज देतात, सोबत त्यांचं ते प्रसिद्ध अर्धं कापलेलं अंडं, बलक पातळसर. रात्रीच्या मानाने खूप स्वस्त. टिप द्यायची नसते, दिली तर अवघडतात.

पोट भरतं हो. शेवटी भात येतोच, मातीच्या भांड्यात तुमच्यासमोर उघडतात. मिसो सूप, लोणचं. दहीभाताने शेवट केल्यावर वाटतं तसं शांत वाटतं. तळाची खरपूस खरवड मागितली की वेगळी देतात.

गोदातीर
सकाळची पेज हे पटलं. धन्यवाद ताई, शांतपणे समजावलंत.

मेथीमुटके
आमचा अनुभव कडू आहे. दोन महिने आधी मेल केला, दाशीचंही लिहिलं, "हो" आलं. तिथे सुपाचा पहिला घोट घेतला आणि माझ्या बहिणीला वास आला. विचारलं तर मान्य केलं, बोनिटोच होता. तिने बारा वर्षांची असल्यापासून मासा तोंडात घातलेला नाही. ती रडली. त्यांनी खूप माफी मागितली, पैसे घेतले नाहीत, पण ती संध्याकाळ गेलीच. नाव लिहीत नाही. हॉटेलमधल्या माणसाला आदल्या दिवशी पुन्हा फोन करायला लावा, एवढंच सांगते.

निशिगंधा
अरे देवा. मेथीमुटके, वाचून वाईट वाटलं गं. बहिणीला सांग, आम्ही सगळ्या तिच्या बाजूने आहोत.

कैरीपन्हं
आदल्या दिवशी फोन. लिहून घेतलं.

उन्हाळी_सुट्टी
खाली बसण्याचं काय? आईचे गुडघे दुखतात, तासभर वज्रासनात शक्यच नाही.

सायली_के
होरिगोतात्सु आहे का विचार. टेबलाखाली खड्डा असतो, पाय सोडून बसता येतं. खुर्च्यांच्या खोल्याही असतात हल्ली. काकूंचं ऑपरेशन ठरलं होतं ना? झालं का?

उन्हाळी_सुट्टी
पुढे ढकललंय, साखर खाली येत नाहीये. डॉक्टर म्हणाले तीन महिने थांबा.

शेंगपोळी
माझ्या सासूबाईंचं गेल्या वर्षी झालं, आता जिना चढतात. काळजी करू नकोस, संपर्कातून फोन नंबर पाठव, बोलते रात्री.

डावखुरी
मी एकटी गेले होते कानाझावाला. एकट्या माणसाचं आरक्षण बरीच जुनी घरं घेतच नाहीत, नकार ऐकून ऐकून कंटाळले होते. शेवटी राहत होते तिथल्या बाईंनी एका लहानशा जागी सोय केली, आठ-दहा खुर्च्या, समोर आचारी. नोव्हेंबरअखेर होती, पाऊस आणि गारा.

हास्सुन आलं तेव्हाची गोष्ट सांगायचीय. देवदाराची चौकोनी पाटी, त्यावर त्या महिन्याचा डोंगर आणि समुद्र मांडलेला. गिंकोच्या पिवळ्या-हिरव्या बिया पाइनच्या सुयांत ओवलेल्या, भाजलेलं चेस्टनट, खेकड्याचा घास, रताळ्याचं पिंपळपानाएवढं पान कापून तळलेलं. मी डाव्या हाताने खाते. काड्या त्यांनी रीतीप्रमाणे उजव्या हाताने उचलता येतील अशा ठेवल्या होत्या, मी उलट्या करून घेतल्या. आचारी दुसऱ्याशी बोलत होते, बघितल्यासारखं केलंही नाही. पण पुढचं ताट आलं तेव्हा काड्या माझ्या बाजूने वळवलेल्या, आणि माशाचं तोंडही उलट दिशेला. शेवटपर्यंत प्रत्येक पदार्थ तसाच मांडून आला. एक शब्द बोलले नाहीत.

लहानपणी पंगतीत "उजव्या हाताने जेव" म्हणून हातावर फटके खाल्लेत मी. तिथे डोळे भरून आले, झणझणीत वासाबीवर ढकललं.

निघाले तर ते टोपी काढून दारात उभे. गल्लीच्या वळणावर मागे पाहिलं, तोवर वाकलेलेच.

निशिगंधा
डावखुरी, काय लिहिलंयस गं. लेकीला वाचून दाखवलं, तीही डावरी आहे.

बंदरवाडी
+१. हा प्रतिसाद वर काढून ठेवा कुणीतरी.

निशीकासाईकर
जेवणाची सुट्टी आहे, राहिलेलं लिहितो. अत्तर लावून जाऊ नका, सुपाचा वास मरतो, शेजारच्यांचाही. अंगठ्या-बांगड्या काढून ठेवा, लाखेच्या भांड्यांवर ओरखडे उठतात आणि ती भांडी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली असतात. काड्या भातात उभ्या खोचायच्या नाहीत आणि एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास द्यायचा नाही, दोन्ही मयताच्या विधींत करतात. वाटी हातात उचलून प्यायली तर उत्तम, आपल्यासारखी वाकून नाही. वेळ पाळा, दहा मिनिटंही उशीर नको. आणि आयत्या दिवशी रद्द केलंत तर बहुतेक ठिकाणी पूर्ण पैसे कापतात, कारण मासा तुमच्या नावाने सकाळीच घेतलेला असतो.

निशिगंधाताईंच्या सुपावरून आठवलं: त्या चवीचा शोध कोंबूमधूनच लागला. १९०८ साली टोकियोत किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञांनी त्यातून ती चव देणारं ग्लुटामेट वेगळं काढलं, उमामी हे नावही त्यांचंच. क्योटोकडे उत्तरेतल्या रिशिरी बेटाचा कोंबू जास्त पसंत करतात, पाणी नितळ राहतं म्हणून.

कैरीपन्हं
दादा, मंगळसूत्र चालेल ना? आणि सासूबाईंच्या हिरव्या बांगड्या त्या काढणार नाहीत.

निशीकासाईकर
मंगळसूत्राचं काहीच नाही. बांगड्यांवर हातरुमाल गुंडाळा किंवा बाही खाली ओढून घ्या, कोणी काही म्हणणार नाही. मोजे मात्र स्वच्छ आणि जाड घ्या, मार्चमध्ये मठाची लाकडी जमीन बर्फ असते.

रानवाटा
वास्त्यांची कृती पाककृती विभागात टाकली आहे. शेंगपोळी, भाऊ जुलैअखेर येतोय, किती आणायला सांगू?